वहीतली कूस

आत्याच्या खाटेच्या पायथ्याशी एक शंभर पानी वही सुतळीने बांधलेली असे. आत पट्टीने आखलेले रकाने होते : वेळ, कूस, सही. दर दोन तासांनी आत्याची कूस बदलायची आणि वहीत तशी नोंद करायची. २०२३च्या जुलैतल्या एका शुक्रवारी मी तिला भेटायला गेलो तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. वहीत चार वाजताची ‘डावी’ झालेली होती. सहा वाजताची ‘उजवी’सुद्धा झालेली होती. आत्या मात्र उताणी होती, सकाळी होती तशीच असावी, कारण सकाळच्या चहाचा ओघळ तिच्या हनुवटीवर वाळलेला होता.

मी मावशींना हाक मारली. त्या आल्या, वही पाहून ओशाळल्या आणि म्हणाल्या, “दादा, आज दुसरी मावशी आली नाही. अकरा जण आहेत माझ्याकडं.” आम्ही दोघांनी मिळून आत्याला कुशीवर वळवलं. तेव्हा तिच्या माकडहाडावरची जखम मला पहिल्यांदा दिसली. मधोमध काळी, कडेने पिवळी, तळहाताएवढी. वास आधीच येत होता, मी तो फिनेलच्या नावावर खपवला होता.

त्या ठिकाणाचं नाव मी लिहिणार नाही. पुण्याच्या कडेला गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जे बंगले वृद्धाश्रम झाले त्यांपैकी ते एक, एवढं पुरे. आत्या तिथून रुग्णालयात गेली आणि पाचव्या दिवशी जंतुसंसर्ग रक्तात पसरून गेली. तेव्हापासून मी एका प्रश्नाच्या मागे आहे : हा संसर्ग कायद्याच्या भाषेत कुणाचा?

प्रश्न विचारायला गेलं की पुण्यात पहिली अडचण भाषेचीच येते. जगात बहुतेक ठिकाणी ‘नर्सिंग होम’ म्हणजे जिथे म्हाताऱ्या, परावलंबी माणसांची शुश्रूषा होते ते घर. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे डॉक्टरांचं छोटं इस्पितळ. खाली औषधांचं दुकान, वर बाळंतपणं आणि अपेंडिक्स. म्हाताऱ्यांसाठी आपण वेगळा शब्द काढला, वृद्धाश्रम. शब्दात ‘आश्रम’ आला की नियम, तपासणी, जबाबदारी असल्या ऐहिक गोष्टी विचारायला जीभ कचरते.

ही फारकत कायद्यात कुठून आली हे पाहायला मी १९४९चा मुंबई शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम उघडला. आता तो महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम म्हणून ओळखला जातो आणि पुण्यात महापालिकेचा आरोग्य विभाग त्याखाली नोंदणी करतो. त्यातली व्याख्या वाचून मी थबकलो. आजार, इजा किंवा ‘इन्फर्मिटी’ असलेल्या माणसांना ठेवून घेऊन त्यांना उपचार आणि शुश्रूषा देणारी जागा म्हणजे शुश्रूषागृह. इन्फर्मिटी म्हणजे वयाने किंवा व्याधीने आलेला दुबळेपणा, पांगळेपणा. आपल्या कायद्याची भाषा ज्याच्याशी मिळतीजुळती आहे त्या इंग्लंडच्या १९२७च्या कायद्यात नुसती ‘शुश्रूषा’ होती. मुंबईच्या मसुद्यात तिच्या आधी ‘उपचार आणि’ असे दोन शब्द आले. या ‘आणि’मधून वृद्धाश्रम बाहेर निसटतात. ‘आम्ही उपचार करत नाही, फक्त सांभाळतो,’ असं म्हटलं की झालं. गंमत अशी की त्याच व्याख्येच्या पुढच्या भागात, शुश्रूषागृह ‘चालवणं’ म्हणजे काय हे सांगताना, ‘उपचार किंवा शुश्रूषा’ असं लिहिलं आहे. आधी ‘आणि’, मग ‘किंवा’. एखाद्या जिद्दी वकिलाने हा ‘किंवा’ धरून ठेवला, तर नाकात नळी, लघवीला कॅथेटर आणि पाठीला जखम असलेल्या दहा माणसांना दरमहा पैसे घेऊन ठेवणारा बंगला या कायद्याबाहेर कसा, याचं उत्तर देणं समोरच्याला सोपं जाणार नाही. मी वकील नाही, पण मराठी वाचता येतं तसं इंग्रजीही वाचता येतं.

आणि या शहराला हा अर्थ परका नाही. नवी पेठेतला ‘निवारा’ बहुतेक पुणेकरांना माहीत असतो. त्याचं मूळ नाव डेव्हिड ससून अनाथ पंगुगृह. ज्या ससूनच्या देणगीतून पुण्याचं ससून इस्पितळ उभं राहिलं त्याच्याच नावाचं हे पंगुगृह एकोणिसाव्या शतकातलं. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी पुण्याला इस्पितळ आणि पंगुगृह या दोन वेगळ्या गरजा कळत होत्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी ‘पंगुगृह’ हा शब्द क्रूर वाटतो खरा, पण तो निदान खोटं बोलत नाही. नावातच ‘आनंद’ असलेल्या ठिकाणी दाखल झालेली माझी आत्या सहा महिन्यांत एकदाही हसलेली मला आठवत नाही.

या कायद्याखाली नोंदणी झाली तर काय बदलतं? जागेचा ताबा पात्र डॉक्टर किंवा पात्र परिचारिकेकडे आणि तिने तिथेच राहायचं. कामाला असलेल्यांत शिकलेल्या परिचारिकांचं योग्य प्रमाण हवं. अधिकाऱ्याला आत येऊन पाहायचा हक्क. २०२१मध्ये नियम सुधारले तेव्हा रुग्णहक्कांची सनदही त्यात आली. वृद्धाश्रमाला यातलं काही लागू होतं असं कुणी मानत नाही. तो बहुधा विश्वस्त संस्था असतो, मग धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब जातात. नाहीतर दुकान म्हणून नोंद असते. धर्मादाय कार्यालय जमाखर्च तपासतं, गादीखाली हात घालून ओल पाहणं त्याचं काम नव्हे. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६च्या नियमांत रक्तदान शिबिरं आणि शाळेतल्या प्रथमोपचाराच्या खोल्यासुद्धा नावानिशी आल्या आहेत. वृद्धाश्रम नाही. पुवाने भिजलेलं गॉझ तिथे कोणत्या पिशवीत जातं ते मी पाहिलं आहे. भाजीच्या देठांबरोबर.

२००७चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा तरी? तो महाराष्ट्रात लागू आहे, उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणापुढे मुलांना उभं करता येतं, जास्तीत जास्त दहा हजार रुपये महिना निर्वाह मिळवता येतो, टाकून दिलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. प्रत्येक जिल्ह्यात निराधारांसाठी किमान १५० जणांचा वृद्धाश्रम राज्याने काढावा असंही त्यात आहे आणि त्या आश्रमांचे निकष सरकारने ठरवायचे आहेत. पण पैसे देऊन राहणाऱ्यांच्या खासगी आश्रमाबद्दल कायदा गप्प. सगळा कायदा मुलांकडे डोळे वटारून बघतो. मुलाने आईला सांभाळलं नाही तर गुन्हा, मुलाने महिना तीस हजार देऊन दुसऱ्याला सांभाळायला सांगितलं आणि त्या दुसऱ्याने सांभाळलं नाही तर? डिसेंबर २०१९मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं होतं. त्यात वृद्ध निवासांची आणि घरी माणसं पुरवणाऱ्या संस्थांचीही सक्तीची नोंदणी होती, किमान दर्जा होता. ते स्थायी समितीकडे गेलं, मधे करोना आला, आणि २०२४मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित झाली तेव्हा विधेयकही संपलं. घरी मावशी पाठवणाऱ्या ब्यूरोंचं तर विचारूच नका. पुण्यात विजेच्या खांबांवर जेवढ्या शिकवण्यांच्या जाहिराती तेवढ्याच त्यांच्या.

आता जखमेकडे येतो, कारण जबाबदारीचं मूळ तिथे आहे.

शय्याव्रण काही कुठून उडत येत नाही. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दबली जाते, तिथलं रक्त थांबतं, आणि काही तासांत आतला मांसल भाग मरायला लागतो. वरून नुसता लाल डाग दिसतो, बोटाने दाबल्यावर पांढरा न होणारा. ही पहिली पायरी. माकडहाड, टाच, खुबा, कोपर या जागा ठरलेल्या. चौथ्या पायरीला हाड दिसतं. त्यात लघवी-शौचाचा ओलावा, पोटात प्रथिनं नाहीत, रक्तात साखर. मग जंतूंना दारच उघडं. लघवीच्या नळीचं तसंच : नळी जितके दिवस आत, तितका धोका वाढत जातो. पिशवी मूत्राशयाच्या खाली हवी आणि जमिनीला टेकता कामा नये, एवढी साधी गोष्ट. आत्याची पिशवी खाटेच्या कडेला उशीजवळ बांधलेली असे, “येता-जाता पायात येते म्हणून”.

आणि वृद्धांमधला संसर्ग फसवा. तरुणाला ताप येतो, हुडहुडी भरते. ऐंशीच्या माणसाला बरेचदा ताप येतच नाही. तो बरळतो, झोपाळतो, जेवण सोडतो. आत्या शेवटच्या आठवड्यात तिच्या मेलेल्या बहिणीशी बोलत होती. आम्ही सगळे म्हणालो, वय झालं. तो संसर्गाचा मेंदूवर झालेला परिणाम होता हे रुग्णालयातल्या निवासी डॉक्टर मुलीने दोन मिनिटांत सांगितलं.

इथे प्रतिवाद ठरलेला असतो : इतक्या म्हाताऱ्या, खिळलेल्या माणसाला जखम होणारच. या वाक्यासमोर मला एकच नाव ठेवावंसं वाटतं. अरुणा शानभाग. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएममध्ये या परिचारिकेवर हल्ला झाला आणि त्यानंतर ती बेचाळीस वर्षं त्याच रुग्णालयात अंथरुणावर होती. दयामरणाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी निकाल दिला. त्याच्या दयामरणाच्या भागावर रकानेच्या रकाने लिहिले गेले. मला त्यातली दुसरीच नोंद महत्त्वाची वाटते : सदतीस वर्षांत तिला एकही शय्याव्रण झालेलं नव्हतं. महापालिकेच्या रुग्णालयात, गर्दीत, पगारी परिचारिकांच्या हातून. अत्याधुनिक गादीची जादू नव्हती ती. माणसं बदलत गेली, पाळ्या बदलत गेल्या आणि कूस बदलत राहिली.

पण गोष्ट इथेच थांबवली तर मी अप्रामाणिक ठरेन. १८ मे २०१५ रोजी अरुणा गेली ती न्यूमोनियाने. तोही संसर्गच. त्यासाठी कुणी केईएमला जबाबदार धरलं नाही आणि धरू नये. म्हणजे संसर्ग झाला यावरून दोष सिद्ध होत नाही. दोष असतो तो न केलेल्या कामात, आणि न केलेलं काम सिद्ध करणं फार कठीण. अमेरिकेत केंद्राच्या नियमांनी यावर एक तोडगा काढला आहे : ज्याला येताना जखम नव्हती त्याला नंतर ती होता कामा नये, झालीच तर ती वैद्यकीयदृष्ट्या अटळ होती हे त्या रहिवाशाच्या प्रकृतीवरून दिसलं पाहिजे. इंग्लंडमध्ये २०१४च्या नियमांत संसर्गाचा धोका ओळखणं, टाळणं, आटोक्यात ठेवणं हे सेवा देणाऱ्याचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. आपल्याकडे असं वाक्य मला कुठल्याच पानावर सापडलं नाही, म्हणून सगळा भार जुन्या खटल्यांवर.

आणि या जुन्या खटल्यांचा उगम पुण्यात आहे. ६ मे १९५३ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका विशीतल्या तरुणाची मांडी मोडली. लाकडी पट्ट्या बांधून टॅक्सीने त्याला पुण्यात आणलं. ९ मेला इथल्या एका खासगी रुग्णालयात पुरेशी भूल न देता जोर लावून हाड ओढून बसवण्यात आलं आणि त्याच रात्री तो गेला. आईवडिलांनी पुण्याच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला. तीन हजार रुपये भरपाई मिळाली. डॉक्टर अपिलात गेले, आणि २ मे १९६८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल कायम केला. ‘जोशी विरुद्ध गोडबोले’ म्हणून तो कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो. रोगी हाती घ्यावा की नाही हे ठरवताना काळजी, कोणते उपचार ते ठरवताना काळजी, आणि ते देताना काळजी, अशी तीन कर्तव्यं त्यात सांगितली आहेत. पहिलं कर्तव्य मला वृद्धाश्रमांच्या दारावर लावावंसं वाटतं. अकरा जणांमागे एक मावशी असताना बारावा हाती घ्यावा का?

संसर्गाचा खटला मात्र औरंगाबादचा. जुलै १९६३. सरकारी रुग्णालयात १० तारखेला एक बाई बाळंत झाली, १३ला तिची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली, मग ताप आणि पोटदुखी. पुन्हा पोट उघडलं तेव्हा आत टॉवेल राहिलेला आणि पू भरलेला. २४ तारखेला ती गेली. नवऱ्याला खालच्या न्यायालयाने ३६,००० रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयाने ते काढून घेतले, आणि २० फेब्रुवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने परत दिले. पोटात टॉवेल आपोआप राहत नाही, वस्तुस्थितीच बोलते, आणि नोकरांच्या चुकीला मालक, म्हणजे इथे सरकार, जबाबदार. बत्तीस वर्षं सात महिने. आईच्या पाठीमागे राहिलेलं ते बाळ तेव्हा बत्तिशी ओलांडून गेलं होतं.

शय्याव्रण हा एका अर्थी तसाच टॉवेल आहे, फक्त आत ठेवलेला नाही, बाहेर न उचललेला.

मधल्या काळात रस्ता थोडा सोपा झाला. त्यातही पुण्याचा हात आहे. बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली ती १९७४ साली याच शहरात, ग्राहक संरक्षण कायद्याच्या बारा वर्षं आधी. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शांता खटल्यात ठरवलं की पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ही ग्राहक कायद्याखालची ‘सेवा’ आहे. सगळ्यांनाच फुकट असेल तर नाही, पण काही जण पैसे देत असतील तर फुकट येणाराही ग्राहक. हा निकाल रुग्णालयांचा असला तरी महिना शुल्क घेणाऱ्या वृद्धाश्रमाला त्यातून सुटायला फार जागा दिसत नाही. ‘आमची धर्मादाय संस्था आहे’ हे उत्तर पुरत नाही. खुर्जा गावात १९८६ साली लायन्स क्लबच्या मोफत शिबिरात मोतीबिंदूच्या ८८ शस्त्रक्रियांपैकी ८४ डोळे संसर्गाने गेले, त्यात बहुतेक म्हातारी माणसं. तिथेही न्यायालयाने उत्तर प्रदेश सरकारला भरपाई द्यायला लावली. २००४मध्ये सविता गर्ग खटल्यात आणखी एक दार उघडलं : कोणत्या डॉक्टरने चूक केली हे नातेवाइकांनी शोधत बसू नये, आपल्याकडून निष्काळजीपणा झाला नाही हे रुग्णालयाने दाखवावं.

आज जिल्हा ग्राहक आयोगात ५० लाखांपर्यंत मोबदल्याच्या सेवेची तक्रार करता येते. तक्रारदार राहतो तिथे ती दाखल होते, वारस करू शकतो, ऑनलाइन होते. मुदत दोन वर्षं.

दाखल होताना बॉण्ड पेपरवर जे हमीपत्र घेतात त्याचा धाक मात्र अजून मोठा आहे. ‘रहिवाशास कोणताही आजार, इजा वा मृत्यू आल्यास संस्था जबाबदार राहणार नाही.’ आम्हीही सही केली होती, डोळे मिटून, कारण दुसरीकडे खाट रिकामी नव्हती. शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारात एका वकीलबाईंना मी ते दाखवलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “हे सगळीकडे असतं हो. बाळंतपणाच्या अर्जावरही असतं.” निष्काळजीपणाची माफी आधीच लिहून घेता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. शिवाय २०१९च्या ग्राहक कायद्यात अन्याय्य करार रद्द ठरवायची सोय आहे, फक्त त्यासाठी जिल्ह्याकडे नाही, राज्य आयोगाकडे जावं लागतं. “पण तुमच्याकडे पुरावा काय आहे?”

फौजदारी बाजू आणखी विचित्र. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता आली. निष्काळजीपणाने मृत्यू, कलम १०६. सर्वसाधारण माणसाला पाच वर्षांपर्यंत कैद, वैद्यकीय प्रक्रिया करणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत. २००५च्या जेकब मॅथ्यू निकालामुळे डॉक्टरवर गुन्हा नोंदवण्याआधी पोलिसांना तज्ज्ञांचं मत घ्यावं लागतं, पुण्यात अशी प्रकरणं ससूनच्या समितीकडे जातात. मावशीला समिती नाही. म्हणजे मालक डॉक्टर असेल तर ढाल, आणि गुन्हा दाखल झालाच तर तो बारा तासांच्या पाळीतल्या दहावी पास बाईवर, जिला कुणी हात कसे धुवायचे तेही शिकवलं नाही.

आणि एक कलम आहे जे मला वाचनालयात जुनी दंड संहिता चाळताना सापडलं. ४९१. बालपण, वेडेपणा, आजार किंवा शारीरिक दुबळेपणामुळे जो स्वतःचं पाहू शकत नाही त्याची सेवा करण्याचा करार केलेल्या माणसाने जाणूनबुजून ती केली नाही तर तीन महिने कैद किंवा २०० रुपये दंड किंवा दोन्ही. १८६०चं कलम. वृद्धाश्रम या शब्दाच्याही आधीचं, नवी पेठेतल्या पंगुगृहाच्या वेळचं. आत्या गेली तेव्हा हाच कायदा चालू होता. आता तेच न्याय संहितेत ३५७ क्रमांकावर आहे, दंड ५,००० रुपयांपर्यंत गेला. मी तीन वकिलांना विचारलं, तिघांनीही ते कधी वापरलेलं नव्हतं. एकाने तर माझ्यासमोर पुस्तक काढून ते आहे याची खात्री केली.

पुराव्याची गोष्ट मृत्यूच्या कागदावर येऊन अडते. वृद्धाश्रमात कुणी गेलं की ओळखीच्या डॉक्टरांना फोन होतो, ते येतात, मृत्यूच्या कारणाचा दाखला देतात आणि तो घेऊन वैकुंठ स्मशानभूमीचा पास निघतो. कारणाच्या रकान्यात बहुतेकदा ‘हृदयक्रिया व श्वसनक्रिया बंद’ एवढंच. ही तर मृत्यूची व्याख्या झाली, कारण नव्हे. त्या रकान्याखाली मूळ कारण लिहायच्या ओळी असतात, त्या कोऱ्या राहतात. आत्या रुग्णालयात गेली म्हणून तिच्या दाखल्यावर ‘सेप्सिस’ आलं आणि खाली ‘शय्याव्रण, चौथी अवस्था’. बंगल्यातच गेली असती तर ती हृदयाने गेली असती.

मोजलं की काय होतं ते पाहा : २०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी भागात गीयाँ बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण निघाले तेव्हा काही दिवसांत राज्याचं पथक आलं, घरोघर मोजणी झाली, पाण्याचे नमुने गेले, कॅम्पिलोबॅक्टर सापडला, दोनशेवर रुग्णांचा हिशेब लागला. जबाबदारी विहिरीची, नळाची की महापालिकेची यावर महिनाभर भांडण चाललं. भांडता आलं, कारण मोजलं गेलं. त्याच पट्ट्यातल्या बंगल्यांमध्ये वर्षभरात किती जण शय्याव्रणाच्या संसर्गाने गेले हे कुणी विचारलं तर उत्तर देण्याची कुणावर सक्ती नाही.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. वीस खाटांचं एक घर चालवणाऱ्या बाई, स्वतः निवृत्त परिचारिका, त्यांनी मला दुपारभर बसवून घेतलं. त्यांच्याकडे दाखल होताना पहिलं काम म्हणजे कपडे काढून पाठ पाहणं आणि तारखेसकट फोटो काढणं. “मोठ्या हॉस्पिटलमधून पंधरा दिवस आयसीयूत राहून येतात. येतानाच टाच काळी असते. लघवीत असा जंतू घेऊन येतात की चार औषधं त्याला लागू पडत नाहीत. मग तो माझ्या घरात शेजारच्या आजींना लागतो. त्याची जबाबदारी कोणाची, सांगा ना.” मी सांगू शकलो नाही. त्या पुढे म्हणाल्या, “मावशी मिळत नाहीत. मॉलमध्ये उभं राहायला तेवढाच पगार मिळतो आणि तिथे कुणाचं धुवावं लागत नाही. मी नोंदणी करायला तयार आहे हो. पण पालिकेत गेले तर म्हणाले, तुमचं आमच्याकडे येत नाही, समाजकल्याणला जा. तिथे म्हणाले, अनुदान हवंय का? नको असेल तर आमच्याकडे काय काम?”

त्यांच्याकडची वही मी पाहिली. वेळा विस्कळीत होत्या : २.१०, ४.३५, ६.२०. एके ठिकाणी लिहिलं होतं, ‘४ वाजता झाले नाही. आजी ओरडत होत्या.’ सहीसकट. ती ओळ वाचून मला एकदम विश्वास वाटला.

बाहेरच्या देशांत करोनाने हा विषय न्यायालयात ओढून आणला. मॅसॅच्युसेट्समधल्या होलिओक इथल्या निवृत्त सैनिकांच्या सरकारी निवासात २०२०च्या वसंतात किमान ७६ जण गेले. माणसं कमी म्हणून दोन विभाग एकत्र केले होते, बाधित आणि निरोगी एकाच खोलीत. राज्याने कुटुंबांना ५ कोटी ६० लाख डॉलर देऊन तडजोड केली. अधीक्षक आणि वैद्यकीय प्रमुखांवरचा फौजदारी खटला मात्र चार वर्षं वर-खाली होऊन २०२४मध्ये तुरुंगाविना मिटला. इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०२२ रोजी सरकारलाच दोषी धरलं : रुग्णालयातून वृद्धांना वेगळं न ठेवता निवासांमध्ये धाडण्याचं धोरण बेकायदा होतं. दोन मुलींनी लढवलेली केस, दोघींचे वडील गेलेले. आपल्याकडे नोव्हेंबर २०२१मध्ये भिवंडी तालुक्यातल्या एका वृद्धाश्रमात साठांहून जास्त जण बाधित निघाले, दोन दिवस बातमी चालली.

त्या दोन मुलींबद्दल वाचताना मला आतेभाऊ आठवत होता. न्यू जर्सीत असतो, आत्याचा एकुलता एक. पैसे वेळेवर पाठवणारा, रोज रात्री व्हिडिओ कॉल करणारा. कॉलवर चेहरा दिसतो, पाठ दिसत नाही. तेरावा झाल्यावर मी तक्रारीचा विषय काढला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “कोणत्या तोंडाने करू? आपणच ठेवलं ना रे तिला तिथे.” मी म्हणालो, तू ग्राहक आहेस. तो हसला. चुकीचा शब्द होता तो, मलाही कळलं.

पुण्यात आमच्या वयाच्या लोकांशी बोलताना ‘आपणच ठेवलं’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की त्याचा हिशेब ठेवणं सोडून दिलं. कुणाची आई कोथरूडच्या फ्लॅटमध्ये ब्यूरोच्या माणसांवर, कुणाचे वडील भूगावला. जखम पाहिलेली असते, वास घेतलेला असतो. तक्रार केली तर पहिला प्रश्न येणार, तुम्ही कुठे होतात? संस्थांना हे पक्कं माहीत आहे. त्यांचं खरं संरक्षण बॉण्ड पेपरवर नाही, आमच्या अपराधी वाटण्यात आहे. जनसेवा फाउंडेशन महाराष्ट्रात ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन चालवतं, तिथे फोन करून नाव न सांगता तरी बोला, असं मी एका मित्राला म्हटलं. तो म्हणाला, “आणि त्यांनी बाबांना काढून टाकलं तर? सोमवारी मला बंगळूरला जायचंय.”

ग्राहक आयोगाची दोन वर्षांची मुदत २०२५मध्ये संपली. आतेभावाने सही पाठवली नाही, मी मागितली नाही. उशीर माफ करण्याचा अर्ज करता येतो म्हणे, सबळ कारण द्यावं लागतं.

आत्या गेल्यावर आठव्या दिवशी मी तिचं सामान आणायला गेलो. एक पिशवी, चष्मा, दोन गाउन, स्टीलचा पेला. खाटेवर नवी आजी होती, नव्या चादरीवर. सुतळी तशीच बांधलेली, वहीही तीच. मावशी पेला धुवायला आत गेल्या तेवढ्यात मी पान उलटलं आणि फोनमध्ये फोटो काढला. आत्याला रुग्णवाहिकेत घातलं ते सोमवारी दुपारी सव्वाचारला. वहीत सोमवारी सहाची ‘उजवी’ होती, आठची ‘डावी’, रात्री दहाची, बाराची. मंगळवार पूर्ण. बुधवारी सकाळी दहापर्यंत, दोन वेगवेगळ्या सह्यांनिशी, आणि दहाच्या पुढे पट्टीने ओढलेली एक आडवी रेघ आणि नव्या आजीचं नाव.